पोटातलं ॲसिड लॅबमध्ये कसं मोजतात, आणि जुन्या रिपोर्टवरच्या ‘फ्री’ आणि ‘टोटल’ आकड्यांचा अर्थ काय?

तुमचा प्रश्न असा: वडिलांच्या जुन्या फायलीत ‘फ्रॅक्शनल टेस्ट मील’ नावाचा रिपोर्ट सापडला, त्यावर ‘फ्री ॲसिडिटी ४०, टोटल ६०’ एवढंच वाचता येतं. त्यांना आजही छातीत जळजळ होते. मग तीच तपासणी पुन्हा कुठे करून मिळेल, आणि ती नक्की करतात कशी?

मी क्लिनिकल बायोकेमिस्ट्रीत काम करतो, म्हणून लॅबच्या बाजूने उत्तर देतो. जठरातलं ॲसिड मोजता येतं, आणि साध्या काचेच्या ब्युरेटवरसुद्धा (खुणा केलेली, खाली तोटी असलेली नळी) चांगलं अचूक मोजता येतं. पण नुसती जळजळ आहे म्हणून ही तपासणी आता कोणी सांगत नाही, आणि ते योग्यच आहे. जळजळ होणाऱ्या बहुतेकांच्या जठरात ॲसिड जास्त नसतं. ते अन्ननलिकेत वर येतं, म्हणजे चुकीच्या जागी पोहोचतं. जठरातून रस काढून मोजला तर आकडा नॉर्मल येईल आणि त्रास तसाच राहील.

आधी रिपोर्टचं बघू. या तपासणीत रुग्णाला रात्रभर उपाशी ठेवायचे, सकाळी नाकातून किंवा तोंडातून बारीक नळी घालून जठरात असलेला सगळा रस काढून घ्यायचे आणि मग ओटची सुमारे अर्धा लिटर पातळ पेज प्यायला द्यायचे. त्यानंतर दर १५ मिनिटांनी नळीतून १० मिली काढायचे, साधारण अडीच तास. प्रत्येक नमुन्यात फ्री ॲसिड, टोटल ॲसिड, पित्त, रक्त, शेंबडासारखा चिकट म्यूकस आणि आयोडीन घालून स्टार्च तपासायचे. स्टार्चचा निळा रंग कितव्या नमुन्यात नाहीसा झाला त्यावरून पेज जठरातून कधी पुढे सरकली ते कळायचं. म्हणजे या रिपोर्टचा खरा अर्थ आलेखात असायचा. सगळ्या नमुन्यांचे आकडे वेळेवर मांडून रेषा चढते कशी आणि उतरते कशी हे बघायचे. तुमच्याकडचा ४० आणि ६० हा त्या रेषेवरचा एखादाच बिंदू आहे. तो कितव्या मिनिटाचा आहे हे माहीत नसताना त्यावरून ‘ॲसिड जास्त’ किंवा ‘कमी’ काहीच म्हणता येत नाही.

या आकड्यांचं एकक मात्र समजून घेण्यासारखं आहे. १०० मिली जठररसातलं ॲसिड मारायला ०.१ नॉर्मल (इथे ‘नॉर्मल’ हे द्रावणाच्या ताकदीचं एकक) सोडियम हायड्रॉक्साइड जितकं मिली लागेल तितके ‘युनिट’. गणित केलं तर हाच आकडा लिटरमागे मिलिइक्विव्हॅलंट होतो, त्यामुळे जुना ‘४०’ हा आजच्या भाषेतही लिटरला ४० मिलिमोलच. ‘फ्री’ म्हणजे मोकळं हायड्रोक्लोरिक ॲसिड. ‘टोटल’मध्ये त्याशिवाय प्रथिनांना चिकटलेलं ॲसिड आणि लॅक्टिकसारखी सेंद्रिय आम्लं येतात. पेजेतली प्रथिनं नमुन्यात असतात म्हणून या दोन आकड्यांत फरक पडतो. उपाशीपोटीच्या स्वच्छ रसात तो फरक थोडा असतो.

दोन्ही एकाच नमुन्यावर करतात. रस आधी गॉझमधून गाळायचा, कारण म्यूकसची तार पिपेटमध्ये अडकली की ५ मिलीच्या जागी साडेचार मिलीच येतात आणि हे डोळ्यांना कळतही नाही. गाळलेला ५ मिली रस छोट्या फ्लास्कमध्ये घ्यायचा, त्यात टोपफर रिएजंटचे दोन थेंब टाकायचे. मोकळं ॲसिड असेल तर द्रव लगेच चेरीसारखा लाल होतो. ब्युरेटमधून ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड थेंबथेंब सोडत फ्लास्क हलवत राहायचं. लाल जाऊन नारिंगी-पिवळा रंग आला की रीडिंग लिहायचं, ते फ्री ॲसिड. इथे पीएच साधारण ३ ते ४ असतो. मग त्याच फ्लास्कमध्ये फिनॉल्फ्थलीनचे दोन थेंब टाकून पुढे सोडत जायचं. फिकट गुलाबी छटा आली आणि हलवूनही टिकली की थांबायचं. शून्यापासूनचं एकूण रीडिंग म्हणजे टोटल. ५ मिली नमुना घेतला असेल तर रीडिंगला २० ने गुणायचं. फ्री ॲसिडला २ मिली लागलं तर ४०, टोटलला ३ मिली लागलं तर ६०. तुमच्या रिपोर्टवरचे आकडे असेच आले असणार.

टोपफर रिएजंटमधलं रसायन म्हणजे डायमिथाइल अमिनो ॲझोबेंझिन. एके काळी हाच रंग लोण्याला पिवळेपणा आणायला वापरत. प्राण्यांमध्ये त्याने कर्करोग होतो हे कळल्यावर खाण्यातून तो गेला. आज हे टायट्रेशन करायचंच तर पीएच मीटर लावून पीएच ७ पर्यंत करावं. तेच जास्त अचूक आणि जास्त सुरक्षित.

पुढे टेस्ट मील मागे पडलं, कारण पेजेमुळे रस पातळ होतो आणि रस एकूण किती तयार झाला हे कळत नाही. पातळी लिटरला ४० मिलिमोल असली तरी तासाला ३० मिली रस आणि तासाला २०० मिली रस यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून नंतरच्या पद्धतीत काही खायला न देता एक तासाचा सगळा रस गोळा करतात, मग इंजेक्शन देऊन ग्रंथींना पूर्ण जोराने काम करायला लावतात आणि आणखी एक तास गोळा करतात. पहिल्या तासाच्या ॲसिडला बेसल ॲसिड आउटपुट म्हणतात, दुसऱ्याच्या मॅक्सिमल ॲसिड आउटपुट. रिपोर्टवर बीएओ आणि एमएओ अशी अक्षरं दिसतात ती हीच.

इंजेक्शन म्हणून आधी हिस्टामिन वापरत. १९५३ मध्ये अँड्र्यू के या सर्जननी त्याचा डोस वजनाच्या किलोमागे ०.०४ मिलिग्रॅम इतका वाढवला. एवढ्या हिस्टामिनने चेहरा लाल होणं, डोकं ठणकणं, रक्तदाब उतरणं हे सगळं होणारच, म्हणून अर्धा तास आधी मेपिरामिन हे अँटिहिस्टामिन द्यायचे. त्याने बाकीचे त्रास थांबायचे, पण ॲसिड मात्र सुटतच राहायचं. म्हणजे ॲसिडचा रिसेप्टर (पेशीवरची हिस्टामिन चिकटायची जागा) वेगळा असला पाहिजे. जेम्स ब्लॅक यांनी १९७२ मध्ये तो एच-२ रिसेप्टर दाखवून दिला, त्यातून सिमेटिडिन हे ॲसिड कमी करणारं औषध आलं, आणि १९८८ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. तुमच्या वडिलांनी कधी रॅनिटिडिन किंवा फॅमोटिडिन घेतलं असेल तर ती गोळी याच वाटेने आलेली आहे. हिस्टामिनच्या जागी पुढे पेंटागॅस्ट्रिन आलं, डोस किलोमागे ६ मायक्रोग्रॅम, त्वचेखाली किंवा स्नायूत.

प्रत्यक्ष तपासणीत टायट्रेशनचा भाग सोपा आहे. चुका होतात त्या नळीपाशी, आणि एकदा तिथे चूक झाली की लॅबमध्ये ती दुरुस्त करता येत नाही.

रुग्ण १२ तास उपाशी हवा, सकाळी सिगारेट-तंबाखूही नको. पोटातल्या मुरड्यावर देतात तशी अँटिकोलिनर्जिक औषधं आणि एच-२ गटातल्या गोळ्या दोन-तीन दिवस आधी, आणि पँटोप्राझोल-ओमेप्राझोल गटातल्या किमान आठवडाभर आधी बंद असाव्या लागतात. अर्थात डॉक्टरांनी सांगितलं तरच. अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा, अन्ननलिकेचं आकुंचन, नुकताच झालेला रक्तस्राव, महाधमनीचा फुगवटा किंवा हृदय कमजोर असेल तर नळी घालायचीच नाही.

१६ फ्रेंचच्या आसपासची (सुमारे ५ मिलिमीटर जाड) नळी नाकातून जठराच्या सगळ्यात खोलगट भागात जावी लागते. वर राहिली तर तळाचा रस काढायचा राहून जातो. फार खाली गेली तर टोक ड्युओडेनममध्ये, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, शिरतं आणि पित्तमिश्रित अल्कधर्मी द्रव यायला लागतो. जागा एक्स-रे स्क्रीनवर बघणं उत्तम. नाही जमलं तर मोजून पाणी आत सोडून ते परत ओढून बघतात. सोडलेल्यापैकी ९० टक्क्यांहून जास्त परत आलं तर टोक योग्य जागी आहे असं धरतात. नुसती हवा सोडून स्टेथोस्कोपने गुडगुड ऐकण्यावर मी विसंबणार नाही, ती फुफ्फुसातल्या नळीचीही ऐकू येऊ शकते.

पहिल्यांदा जो रस येतो तो रात्रभर साठलेला. तो वेगळ्या बाटलीत ठेवायचा, तासाच्या हिशोबात धरायचा नाही, पण नीट बघायचा. साधारण २० ते १०० मिली, बिनरंगाचा किंवा किंचित राखाडी, थोडा चिकट, एवढं ठीक. हिरवट-पिवळा म्हणजे पित्त. कॉफीच्या चोथ्यासारखा तपकिरी म्हणजे ॲसिडने काळवंडलेलं जुनं रक्त. काल रात्रीच्या भाताची शितं ओळखू आली तर जठराचं खालचं तोंड अडलंय का ते बघायला हवं. विष्ठेसारखा वास आला तर आतड्यात अडथळा किंवा जठर आणि मोठ्या आतड्यात भगदाड, असं काहीतरी गंभीर असतं. आधुनिक मशीन काही सांगायच्या आधी ही बाटली पुष्कळ सांगते, आणि टेक्निशियनने हे निरीक्षण रिपोर्टवर लिहायलाच हवं.

मग दर १५ मिनिटांची वेगळी बाटली, एकूण चार; इंजेक्शननंतर तशाच आणखी चार. सिरिंजने हलक्या हाताने, सतत ओढत राहायचं. जोरात ओढलं की जठराचं अस्तर नळीच्या भोकांवर चिकटतं, रस थांबतो आणि रक्ताची रेघ येते. मग हे रक्त आजाराचं की नळीचं, ते कोणाला सांगता येत नाही. रुग्णाने या काळात थुंकी गिळायची नाही. लाळेत बायकार्बोनेट असतं, ते ॲसिड मारतं आणि मापही फुगवतं. थुंकायला भांडं हातात द्यायचं आणि दर काही मिनिटांनी आठवण करायची, कारण घशात नळी असली की माणूस नकळत गिळतो. पित्त आलेली बाटली हिशोबात तशीच घेऊ नये. पित्तामुळे ॲसिड कमी दिसतं, शिवाय इंडिकेटरचा रंगही कळत नाही.

हिशोब असा. समजा इंजेक्शननंतरच्या चार बाटल्यांत ४०, ६२, ५८ आणि ४४ मिली रस आला आणि टायट्रेशनने ॲसिड लिटरला ७०, ९५, १०० आणि ८८ मिलिमोल निघालं. प्रत्येकाचं माप गुणिले पातळी भागिले १००० केलं की २.८०, ५.८९, ५.८० आणि ३.८७ मिलिमोल. बेरीज १८.४, हे मॅक्सिमल ॲसिड आउटपुट. सर्वांत जास्त ॲसिड असलेल्या लागोपाठच्या दोन बाटल्यांची बेरीज दुप्पट केली की पीक ॲसिड आउटपुट, इथे २३.४. लॅबनुसार थोडा फरक पडतो, पण साधारणपणे बेसल आउटपुट तासाला ५ मिलिमोलच्या आत, पुरुषांत १० पर्यंत, आणि मॅक्सिमल पुरुषांत १० ते ५०, स्त्रियांत ५ ते ३० असतं.

लॅबमधली नेहमीची चूक सोडियम हायड्रॉक्साइडची असते. झाकण सैल राहिलं की ते हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि त्याची ताकद उतरते. मग तेच ॲसिड मारायला जास्त मिली लागतं आणि प्रत्येक रुग्णाचं ॲसिड वाढलेलं दिसतं. म्हणून ते दर आठवड्याला पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटवर तपासायचं. ०.४०८४ ग्रॅम थॅलेटला ०.१ नॉर्मल द्रावण बरोबर २० मिली लागलं पाहिजे. २०.५ लागलं तर द्रावण अडीच टक्के कमजोर झालंय, नवं करा. पीएच मीटर ४ आणि ७ च्या बफरवर लावावा आणि दर नमुन्यानंतर इलेक्ट्रोड धुवावा, कारण म्यूकसचा थर बसला की आकडा हळूहळू सरकत जातो.

नुसता पीएच बघून ॲसिडचा अंदाज करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. पीएच १ म्हणजे लिटरला सुमारे १०० मिलिमोल, पीएच २ म्हणजे १०, पीएच ३ म्हणजे १. एकावरून दोनवर गेला म्हणजे ९० टक्के ॲसिड गेलं. पट्टीवर रंग मात्र जेमतेम बदललेला दिसतो.

आता ही तपासणी मागे का पडली? ड्युओडेनमच्या अल्सरच्या पुष्कळ रुग्णांचे आकडे नॉर्मल पट्ट्यातच येतात, जठराच्या अल्सरमध्ये तर ते नॉर्मल किंवा कमीच असतात. म्हणजे आकड्यावरून अल्सर आहे की नाही हे ठरत नाही. एंडोस्कोपीत तो सरळ डोळ्यांना दिसतो. त्यात १९८२ मध्ये मार्शल आणि वॉरन यांना हेलिकोबॅक्टर पायलोरी सापडला, २००५ चं नोबेल त्यांना मिळालं, आणि अल्सरचा विचार ॲसिडकडून जंतूकडे वळला. पेंटागॅस्ट्रिनही कित्येक देशांत मिळेनासं झालं.

तरी दोन ठिकाणी जठररसाचं माप खरंच कामाला येतं. एक म्हणजे झोलिंजर-एलिसन सिंड्रोम, ज्यात गॅस्ट्रिन (जठराला ॲसिड बनवायला लावणारं हार्मोन) बनवणारी गाठ असते. तिथे बेसल आउटपुट तासाला १५ मिलिमोलच्या वर जातं आणि मॅक्सिमलच्या ६० टक्क्यांहून जास्त असतं, कारण ग्रंथी आधीच पूर्ण जोरात चालू असतात, इंजेक्शनने वाढायला फारसं उरत नाही. दुसरं, पर्निशियस ॲनिमिया, म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व शोषलं न गेल्यामुळे होणारा रक्तक्षय. यात इंजेक्शन देऊनही पीएच ६ च्या खाली येत नाही. रक्तातलं गॅस्ट्रिन दोन्हींत वाढलेलं असतं, म्हणून गॅस्ट्रिन वाढलेलं दिसलं की जठरात ॲसिड आहे की नाही हे बघावंच लागतं. गॅस्ट्रिन मिलिलिटरमागे १००० पिकोग्रॅमच्या वर आणि जठराचा पीएच २ च्या खाली, म्हणजे संशय गाठीचा. गॅस्ट्रिन तेवढंच पण पीएच ६-७, म्हणजे ॲसिड बनवणाऱ्या पेशीच गेल्यात.

आपल्याकडच्या रुग्णालयांत जठरातला द्रव आज लॅबला येतो तो बहुतेक वेगळ्याच कारणाने: लहान मुलांचा टीबी. लहान मूल बेडका थुंकत नाही, गिळतं. रात्रभरात तो जठरात साठतो. म्हणून पहाटे, मूल किमान चार तास उपाशी असताना, अंथरुणातून उठून हिंडायला लागायच्या आधी नळीने तो काढतात. चालायला लागलं की जठर रिकामं होतं आणि नमुना हातचा जातो. ५ ते १० मिली मिळाला तर छान. काहीच आलं नाही तर ५-१० मिली निर्जंतुक पाणी किंवा सलाईन सोडून पुन्हा ओढतात. इथे नळाचं पाणी वापरणं ही घोडचूक आहे. त्यात टीबीच्याच कुळातले निरुपद्रवी जंतू असू शकतात आणि स्लाइडवर ते हुबेहूब टीबीसारखे लाल दिसतात. दुसरी चूक म्हणजे नमुना तसाच ठेवून देणं. ॲसिडमध्ये टीबीचे जंतू मरत जातात आणि कल्चर निगेटिव्ह येतं, म्हणून काढल्याबरोबर तेवढंच सोडियम बायकार्बोनेटचं द्रावण घालून ॲसिड मारायचं आणि लवकर पाठवायचं. चार तासांहून उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये. लागोपाठच्या दिवसांचे नमुने घेतले तर जंतू सापडण्याची शक्यता वाढते. पुढे सीबीनाट (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) आणि कल्चर होतं. निगेटिव्ह आला तरी टीबी नाही असं होत नाही. लक्षणांवरून टीबी दिसणाऱ्या मुलांतही निम्म्याहून जास्त वेळा या नमुन्यात जंतू सापडत नाहीत. आईवडिलांना हे आधीच सांगायला हवं, नाहीतर रिपोर्ट बघून औषधं मध्येच बंद होतात.

आता तुमच्या वडिलांचं. गिळताना अडकतं, वजन उतरतंय, शौचाला डांबरासारखी काळी होते, हिमोग्लोबिन कमी आहे, उलट्या थांबत नाहीत, यातलं एकही असेल तर आधी एंडोस्कोपी, वाट बघू नका. यातलं काही नसेल तरी इतक्या वर्षांचा त्रास आहे, त्यामुळे पोटविकारतज्ज्ञांना एकदा दाखवाच. ते हेलिकोबॅक्टरची तपासणी सांगू शकतात: श्वासाची, शौचाची किंवा एंडोस्कोपीतल्या तुकड्यावर. श्वास किंवा शौच करायची असेल तर प्राझोल गटातली गोळी दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे आधी बंद हवं, नाहीतर जंतू असूनही निगेटिव्ह येतं.

एंडोस्कोपी नॉर्मल आणि गोळ्यांनीही जळजळ जात नसेल, तर ॲसिड मोजण्याची आजची योग्य तपासणी म्हणजे २४ तासांची पीएच-मेट्री. बारीक वायरचा सेन्सर अन्ननलिकेच्या खालच्या झडपेच्या ५ सेंटिमीटर वर ठेवतात. वडील घरी जाऊन नेहमीसारखं खातात-झोपतात आणि कमरेचं यंत्र नोंद घेत राहतं. पीएच ४ च्या खाली राहिलेला वेळ एकूण वेळेच्या ४ टक्क्यांच्या आत असेल तर नॉर्मल, ६ टक्क्यांच्या वर असेल तर ॲसिड खरंच वर येतंय. मोठ्या शहरांतल्या पोटविकार केंद्रांत ही तपासणी होते. अपॉइंटमेंट घेतानाच विचारा की ती गोळी बंद करून करायची की चालू ठेवून. दोन्ही प्रकारे करतात, पण उत्तर वेगवेगळ्या प्रश्नाचं मिळतं: बंद ठेवून केली तर हा आजार आहे का ते कळतं, चालू ठेवून केली तर गोळी पुरी पडतेय का ते. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. आणि सोडा पिऊन किती मिनिटांत ढेकर येते यावरून ॲसिड ओळखायची जी युक्ती फिरते तिला काही आधार नाही; ब्लड प्रेशर असेल तर त्या सोड्यातलं सोडियम उलट त्रास देईल.